पायरसीविरोधी संकेतस्थळबंदी (भारत)

चित्रपट, संगीत, खेळांचे थेट प्रक्षेपण किंवा पुस्तके यांच्या बेकायदा प्रती पुरवणारी संकेतस्थळे देशातील वापरकर्त्यांना उघडता येऊ नयेत, असा हुकूम न्यायालयाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना देण्याची पद्धत. भारतात ती साधारण २०११ पासून रुजली. संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. दिवाणी दाव्यांतील अंतरिम मनाई हुकमांतून, एका निर्णयावर दुसरा निर्णय रचत ती उभी राहिली. त्यामुळे इतर देशांत जो वाद कायदेमंडळात आणि रस्त्यावर झाला तो इथे मुख्यतः न्यायालयात झाला, आणि तोही बहुतेक वेळा एकच बाजू हजर असताना. हुकमाचा फटका ज्याला बसतो तो वाचक किंवा प्रेक्षक दाव्यात पक्षकारच नसतो, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

कायद्यातील जागा

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार परवानगीविना प्रत काढणे, विकणे किंवा जाहीरपणे दाखवणे याविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. कलम ६३ खाली तो गुन्हाही आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणि २०१३ च्या नियमांनी इंटरनेटवरील मध्यस्थांसाठी (इतरांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या कंपन्यांसाठी) एक वाट आखून दिली. हक्कधारकाने लेखी तक्रार केली की मध्यस्थाने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा. पण २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. तक्रारदाराने नुसती तक्रार करून न थांबता न्यायालयात जावे, अशी ही रचना आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकारला संकेतस्थळे बंद करता येतात, पण सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठीच. प्रताधिकार त्या यादीत नाही. निर्माते आणि प्रक्षेपण कंपन्या मंत्रालयाऐवजी उच्च न्यायालयाकडे वळल्या त्या यामुळेच. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले. त्याच निकालात इतरांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून मध्यस्थाला संरक्षण देणाऱ्या कलम ७९ चा अर्थ लावताना असे म्हटले की, कोणाच्याही खासगी तक्रारीवरून मजकूर हटवणे मध्यस्थावर बंधनकारक नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना हवी. हा खटला प्रताधिकाराचा नव्हता, पण मजकूर वैध की अवैध हे खासगी कंपनीने ठरवू नये हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

केबलवाल्यांपासून टॉरेंटपर्यंत

नाव-गाव माहीत नसलेल्या प्रतिवादीविरुद्धचा हुकूम भारतात प्रथम २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. विश्वचषक फुटबॉलचे सामने परवान्याविना दाखवणाऱ्या केबलचालकांविरुद्ध तो होता. अशा हुकमांना ‘जॉन डो आदेश’ किंवा ‘अशोक कुमार आदेश’ म्हणतात. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्ताने प्रत्यक्ष जागेवर जाऊन केबलचालकाची यंत्रणा तपासायची, असे तेव्हाचे स्वरूप होते. चूक झाली तर ती डोळ्यांसमोर होई आणि तो माणूस न्यायालयात येऊन बोलू शके.

२०११ मध्ये ‘सिंघम’च्या निर्मात्यांनी हेच साधन इंटरनेटवर वापरले आणि फाइल साठवण्याची सर्वसाधारण संकेतस्थळेही काही ग्राहकांना उघडेनाशी झाली. मार्च २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या हुकमाने १०४ संगीत संकेतस्थळे बंद झाली. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने तमिळ चित्रपट ‘३’ आणि तेलुगू चित्रपट ‘दम्मू’ यांच्यासाठी दिलेल्या आदेशाचा पुरवठादारांनी इतका सैल अर्थ लावला की पायरेट बे या टॉरेंट (वापरकर्त्यांनी एकमेकांकडून थेट फाइल घेण्याची पद्धत) संकेतस्थळाबरोबर व्हिमिओ, डेलीमोशन आणि पेस्टबिन ही सर्वसाधारण संकेतस्थळेही बंद झाली. स्वतःची वैध चित्रफीत व्हिमिओवर ठेवणाऱ्या लघुपटकाराचा या दाव्याशी काहीही संबंध नव्हता. ९ जून २०१२ रोजी ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकर गटाच्या हाकेवर मुंबईसह अनेक शहरांत मुखवटे घालून तरुण रस्त्यावर उतरले. संख्या मोठी नव्हती, पण या प्रश्नावर भारतात झालेले हे जवळजवळ एकमेव रस्त्यावरचे आंदोलन. त्याच महिन्यात न्यायालयाने खुलासा केला की बंदी ठरावीक दुव्यांपुरती आहे, संपूर्ण संकेतस्थळांवर नाही.

चुका मात्र थांबल्या नाहीत. २०१४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशातील ४७२ पत्त्यांत गूगल डॉक्सही होते. यादी नंतर २१९ वर आली. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या हुकमांतील सुमारे २,६५० पत्त्यांत इंटरनेट आर्काइव्ह होते. जुनी पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि पुसून गेलेली वेबपाने जपणारे हे जगातील सर्वांत मोठे मुक्त संग्रहालय. मराठीतील प्रताधिकारमुक्त जुन्या ग्रंथांच्या असंख्य प्रती तिथेच आहेत, आणि अभ्यासक त्या रोज वापरतात. वादीने सादर केलेली यादी कोणीही ओळीने वाचली नाही, याहून वेगळे स्पष्टीकरण या घटनेला देता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालय, २०१६

यादी वाचण्याचा आग्रह धरला तो मुंबई उच्च न्यायालयाने. ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निर्मात्यांच्या दाव्यात न्या. गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला. एखाद्या संकेतस्थळावर केवळ बेकायदा मजकूरच आहे हे दाखवल्याशिवाय ते सरसकट बंद करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. २६ जुलै २०१६ च्या आदेशात दुव्यांच्या पडताळणीचे टप्पे ठरले: आधी शोध घेणाऱ्या कंपनीने तपासायचे, मग त्याची दुसरी तपासणी व्हायची आणि शेवटी ते प्रतिज्ञापत्रावर न्यायालयापुढे मांडायचे. शपथेवर खोटे सांगण्याची जोखीम वादीवर आली, हा यातला मोलाचा भाग. बंद पानावर नुसती ‘त्रुटी’ न दाखवता कोणत्या दाव्यात, कोणत्या आदेशाने हे पान बंद आहे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने कोणाकडे दाद मागायची, हे लिहावे असेही न्यायालयाने सांगितले. दाव्यात नसलेल्या माणसाला त्यामुळे आत येण्याची वाट मिळाली.

त्या पानावरील मजकुरावरून ऑगस्टमध्ये देशभर खळबळ उडाली. पुरवठादारांनी दाखवलेल्या सूचनेत असे ध्वनित होत होते की बेकायदा प्रत नुसती पाहिली तरी तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. न्या. पटेल यांनी पुढच्या आदेशात स्पष्ट केले की पाहणे हा स्वतः गुन्हा नाही. मालकाला बाधक ठरेल असे वितरण, जाहीर प्रदर्शन, परवानगीविना विक्री किंवा भाड्याने देणे हे गुन्हे आहेत. सूचनेचा मसुदा त्यानुसार दुरुस्त करायला लावला गेला. आजही ‘पाहाल तर तुरुंगात जाल’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांना कायद्याचा आधार नाही.

दुव्यापुरत्या बंदीचा पाया पुढे तंत्रज्ञानानेच खचवला. पूर्वी पुरवठादाराला ग्राहक कोणत्या संकेतस्थळाच्या कोणत्या पानावर जातो हे दिसत असे. एचटीटीपीएस ही सुरक्षित जोडणीची पद्धत सार्वत्रिक झाल्यावर त्याला केवळ संकेतस्थळाचे नाव दिसते, पुढचा पत्ता कूटबद्ध असतो. म्हणजे एक पान बंद करायचे तर एकतर संकेतस्थळाच्या चालकाची मदत हवी, नाहीतर सगळेच बंद करावे लागते. या अडचणीवर सरसकट बंदी हा एकच उपाय नव्हता, पण तो सर्वांत सोपा होता.

दिल्लीची वाट

‘ढिशूम’ प्रदर्शित झाला त्याच दिवशी, २९ जुलै २०१६ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या प्रकरणात उलट निर्णय दिला. एक दुवा बंद केला की दुसरा उगवतो, म्हणून मुख्यतः चोरीच्या मजकुरावर चालणारी संकेतस्थळे पूर्ण बंद करणे योग्य आहे, असे त्यात म्हटले. व्यवहारात हीच वाट पुढे रुंद झाली.

१० एप्रिल २०१९ रोजी न्या. मनमोहन यांनी टॉरेंट संकेतस्थळांविरुद्धच्या दाव्यात ‘रोग’ (इंग्रजी rogue, म्हणजे मुख्यतः चोरीच्या मजकुरावर चालणारे) संकेतस्थळ ओळखण्याच्या कसोट्या ठरवल्या: चालक ओळख लपवतो का, तक्रारींना दाद देतो का, बंदी चुकवण्याच्या सूचना देतो का, बेकायदा मजकुराची सूची पुरवतो का, इत्यादी. त्यांनी गतिमान मनाई हुकमाचीही सोय केली. बंद संकेतस्थळ नव्या नावाने आले तर नवा दावा न लावता सहनिबंधकांकडे अर्ज करून ते यादीत घालता येते. या खटल्यात प्रतिवादींपैकी कोणी बाजू मांडायला आले नाही. न्यायालयाने न्यायमित्र (कोणत्याही पक्षाचा नसलेला, न्यायालयाला मदत करणारा वकील) नेमला, ही त्यातली जमेची बाजू. बेकायदा प्रती पाहणाऱ्यांना आधी ताकीद आणि मग दंड असे धोरण सरकारने तपासून पाहावे, अशी सूचनाही निकालात होती. ती प्रत्यक्षात आली तर कोण काय पाहतो यावर पाळत ठेवावी लागेल, आणि हा धोका बंदीपेक्षा कितीतरी मोठा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये न्या. प्रतिभा सिंह यांनी याच मार्गाने एक पाऊल पुढे टाकत, अजून निर्माणही न झालेल्या भावी कलाकृतींना हुकमाचे संरक्षण दिले.

अमेरिकेतील उदाहरण

अशीच व्यवस्था कायद्याने आणण्याचा प्रयत्न अमेरिकेत फसला. लामार स्मिथ यांनी २६ ऑक्टोबर २०११ रोजी प्रतिनिधिगृहात मांडलेले ‘सोपा’ विधेयक आणि सिनेटमधील ‘पिपा’ यांत परदेशी संकेतस्थळांची नावे डीएनएसमधून (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेतून) गाळण्याची, शोधयंत्रांतून काढण्याची आणि त्यांचा जाहिरात व देयकांचा पैसा तोडण्याची तरतूद होती. डीएनएसमध्ये ढवळाढवळ केली तर नावांची सत्यता तपासणारी सुरक्षाव्यवस्था कोलमडेल, असा इशारा इंटरनेटच्या जडणघडणीत वाटा असलेल्या अभियंत्यांनी दिला. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला, हजारो संकेतस्थळे त्यात सामील झाली आणि गूगलच्या निवेदनावर सत्तर लाखांहून अधिक सह्या झाल्या. दोनच दिवसांत दोन्ही विधेयके बासनात गेली. भारतात थोपवण्यासाठी विधेयकच नव्हते. दर शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटागणिक नवा हुकूम निघत राहिला, आणि त्यातल्या कोणत्याही एका हुकमाविरुद्ध देश ढवळून निघण्याचे कारण नव्हते.

नुकसान आणि महाराष्ट्र

हक्कधारकांची तक्रार खोटी नाही. मराठी चित्रपटाला मोजके खेळ मिळतात, कमाईची खिडकी पहिल्या काही दिवसांचीच असते. त्या दिवसांत प्रत फिरली तर छोट्या निर्मात्याचा पुढचा चित्रपटच होत नाही. पायरसीमुळे चित्रपटसृष्टीचे वर्षाला २०,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा आकडा केंद्र सरकार देते. मात्र बेकायदा प्रत पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढणार होता असे गृहीत धरूनच असे आकडे फुगतात. तालुक्याच्या गावी चित्रपटगृहच नसेल, तर तिथला प्रेक्षक हरवलेला ग्राहक ठरत नाही.

महाराष्ट्राने याबाबत सर्वांत कठोर हत्यार उचलले आहे. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्स घातले गेले. चित्रपटाच्या सीडी विकणाऱ्याला वर्षभर स्थानबद्ध ठेवता येईल ही तरतूद प्रमाणाबाहेरची आहे, मग नुकसान कितीही असो.

केंद्राच्या चित्रपट (सुधारणा) अधिनियम, २०२३ ने चित्रपटगृहात चोरून चित्रण करण्यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला; कमाल दंड निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने समन्वय अधिकारी नेमले. तक्रार आल्यापासून ४८ तासांत दुवा बंद करण्याची ही प्रशासकीय सोय आहे, आणि तिच्यामुळे न्यायालयाची पायरीही टळते.

दरम्यान बेकायदा प्रतींचा ओघ बराचसा टेलिग्रामच्या वाहिन्यांकडे सरकला आहे. २०२२ मध्ये एका शिक्षिकेच्या अभ्याससाहित्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला वाहिनीचालकांचा तपशील देण्यास भाग पाडले. कसूर करणाऱ्या ठरावीक व्यक्तीपर्यंत पोहोचणारा हा उपाय संकेतस्थळबंदीपेक्षा नेमका आहे. बंदी असलेल्या सर्व पत्त्यांची एकत्रित, अद्ययावत यादी, प्रत्येक बंदीला मुदत, प्रतिज्ञापत्रावर पडताळणी आणि दर दाव्यात न्यायमित्र, या मागण्या इंटरनेट स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्यांकडून पुढे येत राहिल्या आहेत. त्यांपैकी पडताळणीची मागणी मुंबईत २०१६ मध्येच मान्य झाली होती. देशभरासाठी ती नियम म्हणून अद्याप लागू झालेली नाही.