गार इंजिन, तापलेलं इंजिन आणि एक जाम झडप

रामबागेत आमच्या शेजारच्या काकांनी १९५० च्या दशकातला फार्गो ट्रक अंगणात आणून उभा केलाय. पेट्रोलवर चालणारा, सहा सिलिंडरांचा. थंडीत सकाळी तो सुरू व्हायचा, पण चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) आत ढकलला की आचके देत बंद पडायचा. लोहामंडीहून आलेल्या मिस्त्रीने मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या वायूच्या नळ्यांच्या) कडेचं एक गंजकं लोखंडी वजन दाखवलं आणि "फालतू आहे, कापून टाकू" म्हणाला. काकांनी भिंतीवरून मला हाक मारली. मी म्हटलं, "काका, कापू नका. दुखणं तिथंच आहे."

त्या वजनामागे घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली चपटी स्प्रिंग असते. ती दोन धातूंच्या चिकटवलेल्या पट्ट्यांची. एक धातू उष्णतेने जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून तापली की स्प्रिंग ढिली पडते. आत एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका वायू बाहेर पडायच्या, वाटेत झडप आहे. इंजिन गार असताना स्प्रिंग ती मिटून धरते आणि जळका वायू कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) बरोबर खाली, इनटेकच्या, म्हणजे ते मिश्रण सिलिंडरात नेणाऱ्या वाटेच्या, बुडाशी वळतो. पेट्रोलची वाफ व्हायला उष्णता लागते. ती मिळाली नाही तर थेंब गार भिंतींना चिकटून बसतात आणि सिलिंडरात नुसती हवा जाते. मग आपण चोक ओढून ठेवतो, पेट्रोल जास्त, ऑक्सिजन कमी, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं पेट्रोल. इंजिन सर्वांत घाण धूर सोडतं ते या पहिल्या काही मिनिटांतच.

काकांची झडप उघडी राहून जाम झाली होती. उलट, मिटलेली जाम झाली असती तर भर उन्हात इनटेक तापून गाडीचा दम गेला असता. तपासणी सोपी आहे: गार इंजिनावर ते वजन बोटाने फिरवून सोडा, ते परत आलं पाहिजे. आम्ही रॉकेलात ग्रॅफाइटची पूड कालवून दांड्याच्या दोन्ही टोकांना सोडली आणि हातोडीने दांडा हलकेच लांबीच्या दिशेने ठोकत राहिलो. तेल घालायचं नाही, ते जळून कोळसा धरतं आणि झडप पुन्हा अडकते. तिसऱ्या दिवशी ती हलली.

पुढच्या काळातल्या अमेरिकन इंजिनांवर असे भाग वाढत गेले. त्याला कारण लॉस एंजेलिसचं धुरकं. गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ते तयार होतं, हे १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. अशा इंजिनावर डायनॅमोसारखा पट्ट्यावर फिरणारा, पण वायरींऐवजी जाड होज असलेला डबा दिसला तर तो एक्झॉस्टमध्ये हवा ढकलणारा पंप. राहिलेलं पेट्रोल तिथं जळतं. इनटेकवर बसकी गोल डबी आणि तिला बारीक रबरी नळी असेल तर ती थोडा जळका वायू परत सिलिंडरात पाठवणारी झडप. त्याने ज्योतीचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. ही झडप गार इंजिनावर उघडली तर इंजिन अडखळतं, म्हणून तिची नळी बहुधा इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत बसवलेल्या एका छोट्या स्विचमधून येते. झडप उघडते ती इनटेकच्या ओढीने, आणि पाणी तापेपर्यंत तो स्विच ही ओढ पुढे जाऊ देत नाही. म्हणून कोणताही अनोळखी भाग दिसला की मी आधी हेच बघतो: इंजिन गार असताना तो काय करतो आणि तापल्यावर काय.

फार्गोवर हे काही नाही. त्याच्या इंजिनाच्या पोटातून, पिस्टनखालच्या पोकळीतून, एक नळी सरळ रस्त्याकडे उतरते, टोक तिरकं कापलेलं. पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू धावत्या वाऱ्याच्या ओढीने तिथून बाहेर पडतो. गाडीतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा असाच जायचा. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो झडपेतून परत इनटेकमध्ये नेणं सक्तीचं झालं. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांना धुराची मर्यादा १९९० च्या सुमारास आली.

काकांना नळी मूळचीच ठेवायची आहे. ठीक, पण तिला लागणारी ताजी हवा तेल भरायच्या टोपीतल्या जाळीतून येते, आणि ती जाळी चिकट काळ्या गाळाने बुजली होती. पोटात दाब साठून सीलमधून तेल गळायचं, ते बहुधा यामुळेच. टोपी सध्या त्यांच्या अंगणात रॉकेलाच्या डब्यात भिजत पडली आहे.