भुंगा, घड्याळ आणि पाऊस : घरातल्या सराउंड साउंडची पार्श्वभूमी

पुण्यात 'डॉल्बी' म्हटलं की डोळ्यांसमोर विसर्जन मिरवणूक येते. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत बसणारे ठोके, लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या थरथरणाऱ्या काचा. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' असे फलक आपल्याकडे लागतात. एका माणसाचं आडनाव आपल्या भाषेत येऊन दणदणाटाचं दुसरं नाव होऊन बसलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या माणसाच्या कंपनीने बाजारात आणलेलं पहिलं यंत्र खरखर घालवण्यासाठी होतं.

रे डॉल्बी अमेरिकन. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षं ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. तेव्हा टेपवर काहीही रेकॉर्ड केलं की गाण्यामागे एक बारीक 'स्स्स' कायम ऐकू यायची. डॉल्बींची युक्ती अशी : रेकॉर्ड करताना हळू आवाज उचलून घ्यायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. ते मूळ जागी येतात, पण त्यांच्याबरोबर टेपची खरखरही खाली जाते. शांतता स्वच्छ झाली. सिनेमाचा आवाज पुढे चहूबाजूंनी येऊ लागला, त्याला ही स्वच्छ झालेली शांतता फार उपयोगी पडली.

घरी सराउंड साउंडचा, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणारा, नवा संच घेतलेले मित्र हमखास विचारतात, "दणका कुठल्या सिनेमात आहे?" यादी देता येते, खाली ती ओघाने येईलही. पण ते सिनेमे तसे का झाले हे कळलं, की त्यांत काय ऐकायचं हेही कळतं.

सुरुवात एका भुंग्यापासून करावी लागते. 'फँटेशिया' या संगीतावरच्या कार्टूनपटाची तयारी चालू असताना वॉल्ट डिस्ने यांच्या मनात आलं, की भुंग्याच्या उड्डाणावरची एक प्रसिद्ध रचना वाजत असताना तो भुंगा पडद्यावरून निघून प्रेक्षकांच्या डोक्यांभोवती गुणगुणत फिरावा. ती रचना सिनेमात आलीच नाही. पण तिच्यासाठी सुरू झालेल्या खटपटीतून 'फँटासाउंड' ही व्यवस्था उभी राहिली. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये प्रेक्षकांनी आवाज पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकताना आणि सभागृहाच्या भिंतींमधून येताना ऐकला. यंत्रणा अवाढव्य आणि महाग होती, त्यात महायुद्ध. मोजक्या शहरांत खेळ होऊन हा प्रयोग थांबला.

त्याच सुमारास पुण्यात काय चाललं होतं? कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली होती. तिच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले हे कंपनीचे ध्वनिमुद्रकही होते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचा आवाज त्यांनीच धरला. पुढे फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम'चं दिग्दर्शन करणारे दामले ते हेच. पण मला इथे खास आठवतो तो १९३७ चा 'कुंकू'. व्ही. शांताराम यांनी या सिनेमाला पार्श्वसंगीत दिलंच नाही. घरातले, आजूबाजूचे आवाज तेवढे ठेवले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्या गोष्टीत जवळजवळ एक पात्र आहे. आवाज एकच, मोनो, पडद्यामागच्या स्पीकरमधून येणारा. तरी ते घर केवढं रिकामं आहे ते कानाला कळतं. अमेरिकेत आवाज कुठून यावा याचा विचार चालला होता, आणि प्रभातमध्ये कुठला आवाज ठेवावा याचा. चांगल्या सराउंड मिक्सिंगमध्ये हे दोन्ही विचार एकत्र लागतात, असं माझं ठाम मत आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. घरात मिळणार नाही असं काहीतरी देणं भाग होतं. म्हणून पडदे रुंद झाले आणि आवाजही वाढले. १९५२ मध्ये सिनेरामा ही रुंद पडद्याची पद्धत सात ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे धरलेले सात आवाज, घेऊन आली, १९५३ मध्ये 'द रोब'बरोबर सिनेमास्कोपचे चार ट्रॅक आले आणि १९५५ मध्ये टॉड-एओच्या ७० एमएम रुंद फिल्मवर सहा. सिनेरामाचे ट्रॅक वेगळ्या चुंबकीय फिल्मवर असत, बाकीच्यांचे चित्राच्याच फिल्मवर चिकटवलेल्या चुंबकीय पट्ट्यांवर. आवाज सुरेख, पण प्रिंट महाग आणि पट्ट्या झिजणाऱ्या. त्यामुळे बहुतेक थिएटरं मोनोवरच राहिली.

आपल्याकडे ७० एमएमचं खरं गारूड पसरवलं ते 'शोले'ने, १९७५ मध्ये. चित्रीकरण ३५ एमएमवर झालं, प्रिंट ७० एमएमची काढली आणि आवाज स्टिरिओफोनिक केला. उडवलेलं नाणं खणखणत पडलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, ही आठवण त्या पिढीतले कितीतरी जण अजून सांगतात. पुण्यातही '७० एमएम' ही पदवीच होती. शिवाजीनगरचं राहुल थिएटर ती नावापुढे मिरवायचं.

होम थिएटरचा उगम मात्र या श्रीमंत पट्ट्यांत नाही. तो एका काटकसरीत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर डॉल्बीच्या लोकांनी ३५ एमएम फिल्मच्या कडेला, जिथे एक प्रकाशीय (प्रकाशाने वाचला जाणारा) ट्रॅक असायचा तिथे, दोन बारीक ट्रॅक बसवले. या दोघांत त्यांनी चार वाहिन्या, म्हणजे चार दिशांचे वेगळे आवाज, गुंफल्या : डावी, मधली, उजवी आणि मागची. दोन्ही ट्रॅकमध्ये सारखा असलेला आवाज मधल्या स्पीकरला जायचा. दोन्हींत असलेला पण एकमेकांच्या उलट कलेत असलेला, म्हणजे एकात लाट वर जाते तेव्हा दुसऱ्यात खाली जाणारा, आवाज मागच्या भिंतीकडे पाठवला जायचा. मागचा आवाज मुद्दाम क्षणभर उशिरा सोडत, कारण आपला कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. त्यामुळे संवाद पडद्यावरच राहतात आणि मागून फक्त वातावरण येतं.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने हे तंत्र जगभर पोचवलं. सुरुवातीलाच डोक्यावरून जाणारं ते न संपणारं यान आठवा. बेन बर्ट यांनी त्यातल्या प्रकाशतलवारीचा आवाज प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक नेल्यावर येणारी गुणगुण यांतून बनवला. १९७९ मध्ये 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी वॉल्टर मर्च यांनी मागची वाहिनी डावी-उजवी अशी वेगळी केली आणि हेलिकॉप्टर सभागृहाभोवती गोल फिरवलं. आज आपण ज्याला ५.१ (पाच पूर्ण वाहिन्या आणि एक 'पॉइंट वन') म्हणतो, त्याची मांडणी तिथे दिसते. त्या 'पॉइंट वन'बद्दल नेहमी विचारणा होते म्हणून सांगतो : ती फक्त खोल, १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजांची वाहिनी आहे. पूर्ण वाहिनीच्या मानाने एवढासा तुकडा, म्हणून एक दशांश.

चार वाहिन्या दोन ट्रॅकमध्ये गुंफलेल्या असल्याने सिनेमा स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर उतरला तेव्हा मागचा आवाजही न बोलावता बरोबर आला. कॅसेटमध्ये तो दडून बसलेला होता, फक्त सोडवणारं यंत्र घरात हवं होतं. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड नावाने तसा डिकोडर आला. १९८७ मध्ये प्रो लॉजिक आलं, त्याने मधला स्पीकरही नीट वेगळा केला. घरातलं थिएटर तिथे जन्मलं.

नव्वदचं दशक डिजिटलचं. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं. फिल्मच्या भोकांच्या मधल्या जागेत आकड्यांचे ठिपके छापलेले. १९९३ मध्ये 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस आलं. यात आवाज वेगळ्या सीडीवर असे आणि फिल्मवर फक्त वेळेची खूण. गॅरी रायडस्ट्रॉम यांनी डायनासोरची डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांच्या आवाजांतून घडवली. पण त्या प्रसंगात डरकाळीच्या आधीचं ऐका : पावसाची रिपरिप, गाडीतली कुजबुज आणि ग्लासातलं पाणी थरथरवणारा दूरचा धप्प. सबवूफर, म्हणजे खोल आवाजांचा स्पीकर, नीट लावलाय का, हे त्या एका 'धप्प'वरून कळतं.

आपल्याकडे १९९४ च्या '१९४२ : अ लव्ह स्टोरी'ने डॉल्बी स्टिरिओ हे शब्द जाहिरातीत आणले, आणि पुण्यातली एकपडदा थिएटरं एकेक करून आवाज बदलू लागली. तिकीट काढताना लोक सिनेमाइतकीच थिएटरची चौकशी करायचे, "तिकडे डीटीएस आहे का?"

घरी मात्र घोळ झाला. २००० च्या आसपास माझ्या आतेभावाने बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत चार शनिवार घालवून असेंबल्ड होम थिएटर उभं केलं. पाच खोकी, एक सबवूफर, लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी. आम्ही सतरंजीवर बसलो आणि मागचे स्पीकर काही बोलेनात. नंतर कळलं की तो लावत होता त्या सगळ्या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, होत्या. व्हीसीडीवर दोनच वाहिन्या बसतात, ५.१ साठी तिथे जागाच नाही. त्याच्या अॅम्प्लिफायरमध्ये प्रो लॉजिकही नव्हतं. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आली होती, पण आमच्या घरांत ती यायला बरीच वर्षं गेली. मग एका रविवारी त्याच पाच खोक्यांवर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' लागला. दुसऱ्या महायुद्धातल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईच्या त्या प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही. गोळ्या मागून येतात, पाण्याखाली गेलं की सगळं बोदट होतं, आणि एका स्फोटानंतर कॅप्टनच्या कानाला दडे बसतात तेव्हा आपल्याही. खोलीत कोणी हललं नाही. आतेभावाने आवाज वाढवला नव्हता, हे मला अजून आठवतं.

याच काळात पुण्याचा हातभार पुन्हा लागू लागला. प्रभातच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती, आणि तिथे ध्वनी हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. तिथून १९९५ मध्ये बाहेर पडलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांबरोबर ऑस्कर मिळालं. लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना त्या फाटकाकडे मी जरा अभिमानानेच बघतो.

२०१२ मध्ये 'ब्रेव्ह'बरोबर डॉल्बीचं अॅटमॉस आलं आणि विचारच बदलला. आधी आवाज स्पीकरला नेमून दिलेला असे. आता तो खोलीतल्या एका बिंदूला नेमला जातो, आणि तुमच्याकडे किती स्पीकर आहेत ते पाहून यंत्र त्याची वाटणी करतं. छतातूनही आवाज येऊ लागला. २०१४ पासून हे घरातही मिळतं. अंतराळात घडणारा 'ग्रॅव्हिटी' इथे अवश्य ऐकावा. त्यात संवादही मधल्या स्पीकरमध्ये बांधलेले नाहीत, माणूस तरंगत जातो तसा आवाज खोलीभर सरकतो. आणि बाहेर हवाच नसल्याने धडक ऐकू येते ती फक्त शरीरातून आलेल्या कंपांसारखी.

इथे एक तक्रार नोंदवतो. ओटीटीवरचं अॅटमॉस आणि ब्लू-रेवरचं अॅटमॉस सारखं नसतं. ओटीटीवर त्याला सेकंदाला ७६८ किलोबिटच्या आसपास जागा मिळते. डिस्कवर ते ट्रूएचडी या स्वरूपात असतं आणि सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं. हळू आवाजांचे बारकावे मला डिस्कवर जास्त सापडतात. दुसरी अडचण आपल्या घरांची. थिएटरमध्ये एका वाहिनीचा शिखराचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाईल अशी योजना असते. कोथरूडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये, पलीकडे शेजाऱ्यांची सामायिक भिंत असताना, ते शक्य नाही आणि योग्यही नाही. आवाज कमी केला की आधी संवाद बुडतात. उपाय साधा आहे : रिसीव्हरमधला (स्पीकर चालवणाऱ्या यंत्रातला) मोठे आवाज दाबणारा नाइट मोड लावा आणि मधला स्पीकर एक-दोन डेसिबल वर घ्या. सबवूफर कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढा, शेजारी दुवा देतील.

आणि मग 'तुंबाड' लावा. २०१८ चा सिनेमा, काही चित्रीकरण आपल्या सासवडचं, ध्वनिरचना कुणाल शर्मा यांची. त्यातला पाऊस जवळजवळ थांबतच नाही, पण तो एकसारखाही नाही. कौलांवरचा वेगळा, चिखलातला वेगळा, वाड्याच्या आत शिरल्यावर भिंतीपलीकडून येणारा वेगळा. डोळे मिटून ऐकलं तरी आपण आत आहोत की अंगणात, हे सांगता येतं.

त्याच वर्षीचा 'रोमा'ही अॅटमॉसमध्ये आहे आणि त्याला पार्श्वसंगीत नाही. रस्त्यावरचे फेरीवाले, कुत्री, फरशीवर ओतलेलं पाणी, मागच्या खोलीतली कुजबुज. तो बघून झाल्यावर मी सहज 'कुंकू' लावला. दोन्ही ट्रॅकमध्ये सारखाच आवाज असल्याने रिसीव्हरने नियमाप्रमाणे तो सगळाच्या सगळा मधल्या स्पीकरला दिला. बाकीचे स्पीकर गप्प राहिले, आणि हॉलमध्ये टीव्हीखालच्या त्या एका खोक्यातून १९३७ चं घड्याळ टिकटिकत राहिलं.