सिएरा लिओन कंपनीचा डॉलर

सिएरा लिओन कंपनीचा डॉलर हे पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन या वसाहतीसाठी इंग्लंडमध्ये पाडलेले चांदीचे नाणे होय. त्यावर १७९१ हे साल असून डॉलरचे शंभर सेंट अशी दशमान विभागणी त्यात स्वीकारलेली होती. अमेरिकेचा नाणेविषयक कायदा १७९२ मध्ये झाला आणि तेथील पहिला चांदीचा डॉलर १७९४ मध्ये निघाला, हे लक्षात घेतले म्हणजे एका लहानशा वसाहतीच्या या नाण्याचे वेगळेपण जाणवते.

गुलामांच्या व्यापाराला वैध व्यापाराचा पर्याय उभा करावा, या उद्देशाने हेन्री थॉर्नटन, ग्रॅनव्हिल शार्प, विल्यम विल्बरफोर्स आदी गुलामगिरीविरोधी इंग्रजांनी ही कंपनी चालवली. १७९२ मध्ये नोव्हा स्कोशियातून (आजच्या कॅनडातील प्रांत) आलेल्या सुमारे १,२०० मुक्त कृष्णवर्णीयांनी फ्रीटाउन वसवले.

नाणी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे मॅथ्यू बोल्टन यांच्या वाफेवर चालणाऱ्या टांकसाळीत पाडली गेली. मुंबई इलाख्याची १७९१ ची तांब्याची, तराजूचे चित्र असलेली नाणीही याच टांकसाळीतली. डॉलरच्या एका बाजूस सिंह, कंपनीचे नाव आणि खाली ‘आफ्रिका’ हा शब्द आहे. पोर्तुगीजांनी या डोंगराळ किनाऱ्याला दिलेल्या नावात सिंह आहेच, त्यामुळे हे चिन्ह सहज सुचण्याजोगे होते. दुसऱ्या बाजूचे हस्तांदोलन मात्र अधिक बोलके आहे: एक हात आफ्रिकी आणि दुसरा युरोपीय मानला जातो, आणि दोन्ही एकाच पातळीवर आहेत. गुलामांचा व्यापार ब्रिटिश कायद्याला मान्य होता त्या काळात पैशावर असे चित्र कोरणे ही धीट गोष्ट होती. काही डॉलरांवर हातांच्या बाजूंना १०० हा आकडा आढळतो, तर काहींवर १. याखेरीज ५०, २० व १० सेंटांची चांदीची नाणी निघाली. हिशेब दशमान असूनही सेंटबरोबर पेनी हे इंग्रजी पद्धतीचे नाणेही पाडावे लागले, कारण इंग्लंडशी होणारा व्यवहार पौंड-शिलिंगांतच चाले.

नाण्यावरचा बरोबरीचा हात प्रत्यक्ष कारभारात तितकासा दिसला नाही. जमीन सारामुक्त मिळेल अशा समजुतीने आलेल्या वसाहतकऱ्यांवर कंपनीने जमीनपट्टी बसवली, आणि त्या असंतोषातून १८०० मध्ये उठाव झाला. १ जानेवारी १८०८ रोजी वसाहत ब्रिटिश राजसत्तेकडे गेली. कंपनीच्या नाण्यांवर आढळणारे शेवटचे साल १८०५ आहे. सिएरा लिओनमध्ये दशमान चलन पुन्हा आले ते स्वातंत्र्यानंतर, १९६४ मध्ये, ‘लिओन’ या नावाने.