अंडी उबवताना वजनकाटा जवळ ठेवा

घरी उबवणीच्या मशीनमध्ये (इन्क्युबेटरमध्ये) अंडी उबवणाऱ्यांची सगळी काळजी तापमानाची असते. पण पंखा आणि तापमान आपोआप राखणारा बरा थर्मोस्टॅट असला की तो प्रश्न बहुतेक सुटतो. पूर्ण वाढलेली पिल्लं शेवटच्या तीन दिवसांत अंड्यातच मरतात, त्यामागे बऱ्याचदा पाण्याचं गणित चुकलेलं असतं.

कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. जसजसं पाणी घटतं तसतशी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच पोकळीत चोच घुसवून पहिला श्वास घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओलाव्यात गुदमरतं. जास्त उडालं तर आतला पापुद्रा सुकून अंगाला चिकटतो, पिल्लाला फिरता येत नाही.

म्हणून अठराव्या दिवसापर्यंत वजन १२ ते १३ टक्के घटायला हवं. गावठी कोंबडीची दहा अंडी मिळून ५०० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ती ४७७ आणि अठराव्या दिवशी ४४०च्या आसपास हवीत. घट कमी दिसली तर मशीनमध्ये ओलाव्यासाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं काढा, जास्त दिसली तर रुंद तोंडाचं ठेवा. भांडं किती खोल आहे याने फरक पडत नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती मोठा आहे याने पडतो.

‘आर्द्रता ५० टक्के ठेवा’ हा सल्ला सुरुवातीला ठीक आहे, पण हवामान बघा. कोकणातल्या पावसाळ्यात २७ अंशांची ८५ टक्के दमट हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांना तापली की आपोआप ४७ टक्क्यांवर येते, तिथे भांड्याची गरजच नसते. विदर्भात मे महिन्यात अडचण वेगळीच. खोलीच ३८च्या वर गेली तर मशीन हतबल होतं, कारण त्यात तापवायची सोय असते, गार करायची नसते. तिथे हे काम थंडीत करावं.

आर्द्रतामापकाचा काटा तपासून घ्या. ओलसर मीठ आणि मापक एका बंद डब्यात रात्रभर ठेवले तर आकडा ७५ यायला हवा. तापमानासाठी तापाचा थर्मामीटर ताडून बघायला उत्तम. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ अंश ठेवा.

अंडी कोंबडा असलेल्या कळपातलीच घ्या, पोल्ट्रीची खाण्याची अंडी फळलेली नसतात. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुऊ नका, कवचावरचा संरक्षक थर निघून जातो. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटा. आकडा विषम असला की रात्रभर वर राहणारी बाजू रोज बदलते. खुडूक कोंबडी चोचीने हेच करत असते. अंडी एकाच जागी राहिली तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर तो मेलाय. असं अंडं आणि पारदर्शक दिसणारं अंडं काढून टाका आणि उरलेल्यांच्या वजनाचा हिशेब नव्याने मांडा.

वीज तास-दोन तास गेली तर झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाका. थोडा गारवा गर्भ सोसतो, ४०च्या वरची उष्णता मात्र काही तासांत घात करते.

अठराव्या दिवशी उलटणं बंद करा, आर्द्रता ६५ ते ७० टक्के करा. मग कधीतरी कवचावर तांदळाच्या कणीएवढी चीर दिसते. त्यानंतर पिल्लू १२ ते २४ तास गप्प पडून राहतं, आणि माणसाचा धीर सुटतो तो इथेच. या वेळात ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला सरावतं, पापुद्र्यावरच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात घेतं. आता कवच सोललंत तर त्या शिरा फुटून रक्त वाहतं. नुसतं झाकण उघडलं तरी वाफ निसटते आणि पापुद्रा कागदासारखा कडक होतो. तयारी झाली की पिल्लू स्वतःच बोथट टोकाभोवती गोल कापत टोपी उडवतं.

बाहेर आलेली पिल्लं पिसं फुलून सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटातला बलक त्यांना दोन दिवस पुरतो, दाण्या-पाण्यासाठी झाकण उघडायची घाई नको.