सदाफुलीचं औषध वेगळं, काढा वेगळा

बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जावा, दारात सदाफुली असतेच, आणि घरात कुणाला कॅन्सर निघाला की कुणीतरी येऊन सांगतंच, हिची पानं उकळून पाजा. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे.

लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरवर एमव्हॅक नावाची केमो आहे, चार औषधं एकत्र, त्यातलं व्हिनब्लास्टिन सदाफुलीतूनच आलंय. जमैकात लोक शुगरवर हिचा चहा प्यायचे म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पानं तपासली, तर उंदरांची शुगर काय उतरली नाही पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या, आणि त्यावरून 1958 मध्ये हे औषध हाती लागलं. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो, व्हिनब्लास्टिन तो उभाच राहू देत नाही. पण 1 ग्रॅम औषधाला सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात! शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत द्यायचं ते औषध. काढ्यात किती उतरलं ते कोण मोजणार, आणि पानातली बाकीची विषारी द्रव्यंही सोबत पोटात जातात.

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरवरचं केमोचं औषध डोसिटॅक्सेलपण यू नावाच्या थंड भागातल्या झाडाच्या पानातल्या द्रव्यापासून बनतं. त्याच कुळातलं टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपले नंदुरबारचे, मला याचा फार अभिमान आहे.

हळदीचं तसं नाही. हळदीतलं करक्युमिन लॅबमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मारतं, पण तोंडातून घेतलं तर रक्तात जेमतेम पोचतं. 1998 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तर ते पोचायचं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढलं. तेच सांगून आता कॅप्सूल खपवतात. पण पिपेरिन लिव्हरचं औषधं फोडायचं काम अडवतं, म्हणजे केमोचं औषधही अंगात जास्त साठू शकतं. आमटीतली हळद खुशाल खावा, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

आणि निपाणीचा तंबाखूही वनस्पतीच की. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेस विडी-सिगरेटमुळं होतात, कारण धुरातलं विष रक्तातून किडनीत, तिथनं लघवीत उतरतं आणि पिशवीत तासन्‌तास पडून राहतं. पहिलं लक्षण बहुतेक वेळा लघवीतून रक्त, तेही न दुखता. ते आपोआप थांबतंही, मग लोक म्हणतात काढ्यानं गुण आला, आणि आत गाठ वाढतच असते. एकदा जरी रक्त दिसलं तरी युरोलॉजिस्टकडं जाऊन दुर्बिणीनं पिशवी बघून घ्या.