संयोजक, संगीत : माहितीपट व त्यांची समीक्षा

चित्रपटगीताची चाल संगीत दिग्दर्शकाची. त्या चालीभोवतीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधले संगीत आणि प्रत्येक वादकापुढे ठेवायचे स्वरलेखनाचे कागद ज्याच्या हातचे, तो संगीत संयोजक. वादकमंडळी त्याला ‘अरेंजर’ म्हणतात. श्रेयनामावलीत तो बहुधा ‘सहायक’ म्हणून येतो, पुष्कळदा येतच नाही. अशा व्यक्तींवरील आणि पडद्यामागच्या वादकांवरील माहितीपट प्रामुख्याने २००० नंतरचे असून त्यांच्या समीक्षेत श्रेय आणि पुरावा हे दोन मुद्दे वारंवार येतात.

या कामाचा आरंभ कोठे झाला, यावर एकमत नाही. प्रचलित मतानुसार पाश्चात्त्य स्वरलेखन लिहू-वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांनी साधारणतः १९४० च्या दशकात मुंबईत तो केला. सेबास्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. संगीताचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांचा वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ (२००८) याच मताला बळ देतो. दुसरे मत पुण्याकडे निर्देश करते. प्रभात फिल्म कंपनी (स्थापना कोल्हापूर, १९२९) १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथे संगीतकार केशवराव भोळे यांनी ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून भोवतालच्या आवाजांवर भिस्त ठेवली. कोणते वाद्य कोठे वाजू नये हे ठरवणे हेही संयोजनच, असा या मताचा आशय. मात्र भोळे यांच्याकडे चाल व वाद्ययोजना या दोन्ही बाजू होत्या. संयोजक हा निराळा माणूस तेथे दिसत नाही. म्हणून काम जुने व हुद्दा नंतरचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

श्रेयाच्या वादाला कायद्याचीही एक बाजू आहे. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमाच्या मूळ व्याख्येत संगीतकृती म्हणजे मुद्रित, लिखित वा आलेखरूपात उतरवलेली स्वररचना. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची ही अट गेली आणि लिहून ठेवो वा न ठेवो, रचणारा तो संगीतकार ठरला. प्रत्यक्षात चाल पेटीवर गाऊन सांगितली जाई आणि कागदावर ती संयोजक उतरवी. म्हणजे लेखनाची अट होती तेव्हाही लिहिणाऱ्याला मालकी मिळाली नाही.

गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांच्यावरील माहितीपट अशोक राणे यांचा असून ते मुळात चित्रपटसमीक्षक आहेत. रुद्रदीप भट्टाचार्य यांचा ‘द ह्यूमन फॅक्टर’ (२०१२) तालवादक कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर यांच्यावर आहे. अमेरिकेत डेनी टेडेस्को यांनी आपले वडील, गिटारवादक टॉमी टेडेस्को, व त्यांच्या सहवादकांवर केलेला पट २००८ मध्ये महोत्सवांतून दिसला, पण गाण्यांच्या हक्कांचा खर्च उभा राहीपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, चित्रपटगृहांत येऊ शकला नाही. ज्या गाण्यांत ही माणसे वाजली तीच दाखवायला पैसे मोजावे लागले.

या प्रकाराविषयीचे आक्षेप दोन : गौरवाचा सूर चिकित्सेवर मात करतो, आणि वृद्धापकाळीच्या आठवणी कागदांशी ताडून पाहिल्या जात नाहीत. पहिला आक्षेप रास्त, पण काहीसा सोपा आहे. दुसरा गंभीर. अमुक तुकडा कोणाचा, यावर संगीतकाराचे चाहते व वादकाचे कुटुंबीय वेगळी उत्तरे देतात आणि पट बहुधा ज्याची मुलाखत मिळाली त्याच्या बाजूने झुकतो.

मराठी सुगम संगीतात अनिल मोहिले यांचे नाव संयोजक म्हणून सर्वपरिचित आहे. पुणे आकाशवाणीवरील गीतरामायणात (१९५५–५६) सुधीर फडके यांचे सहायक व व्हायोलिनवादक प्रभाकर जोग होते. ‘सहायक’ या शब्दात किती काम मावते, याचे हे जवळचे उदाहरण. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील (स्थापना १९६४) जुन्या गीतपुस्तिका अभ्यासकांना गीतकार व संगीतकारांची नावे पुरवतात. संयोजकाचे नाव त्या पानांवर क्वचितच सापडते.