हातचा कुठे गेला? संगणकाचं सुतारकाम शिकवणारी ‘द कार्पेंट्रीज’

३७ अधिक १५ किती? समोर चार उत्तरं ठेवू : ५२, ४२, ४१२ आणि ४३. बरोबर उत्तर कोणतं हे सगळ्यांना माहीत आहे, शिकवणाऱ्याच्या कामाची आहेत ती उरलेली तीन. ४२ म्हणणारं मूल हातचा विसरलं. ४१२ म्हणणाऱ्याने एककाची बेरीज १२ आणि दशकाची ४ अशा दोन सुट्या बेरजा करून शेजारी-शेजारी मांडल्या. ४३ म्हणणाऱ्याला हातचा घ्यावा लागतो हे ठाऊक आहे, पण तो त्याने दशकात न नेता पुन्हा एककातच मिळवला. तीन चुका, तीन निराळे गैरसमज. तिघांना एकच समजावणी दिली तर त्यातल्या दोघांना तिचा उपयोग नाही.

हे उदाहरण पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी लिहिलेलं नाही. जीवशास्त्र, खगोलशास्त्र, भूशास्त्र अशा विषयांत संशोधन करणाऱ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवू पाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात ते वापरतात. हे प्रशिक्षण देणाऱ्या ना-नफा संस्थेचं नाव ‘द कार्पेंट्रीज’. संगणकीय विज्ञानाच्या शिक्षणात तिचं नाव आज आदराने घेतलं जातं. त्या आदराचं कारण तिच्या शिकवण्याच्या तपशिलात सापडतं, म्हणून तो तपशील जरा जवळून पाहू.

कार्पेंट्री म्हणजे सुतारकाम. समुद्राखालून रेल्वेचा बोगदा काढायचा तर अभियंत्यांची फौज लागते, पण घरात फळी ठोकायला किंवा दाराची बिजागरी बसवायला सुतारकामाची जाण पुरते. संशोधकाला बहुतेक वेळा बोगदा खणायचा नसतो. शंभर फाइल्स नीट वाचायच्या असतात, एक आलेख पुन्हा काढायचा असतो, कालचा प्रोग्रॅम आज वेगळं उत्तर का देतो ते शोधायचं असतं. हे कौशल्य पदवीच्या अभ्यासक्रमात सहसा बसत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ब्युरेट कशी धरायची ते शिकवतात, संगणक मात्र त्याने आपलाआपण शिकून घ्यावा अशी अपेक्षा असते.

ते न शिकल्याची किंमत मोठी पडते. प्रथिनांची रचना शोधणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेला २००६ मध्ये पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांच्या घरगुती प्रोग्रॅममध्ये मोजमापांच्या दोन स्तंभांची अदलाबदल झाली होती आणि त्यामुळे रचना उलटी दिसत होती. प्रयोग व्यवस्थित झाले होते, घात प्रोग्रॅमने केला.

हे सुतारकाम शिकवण्याची पहिली खटपट १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत केली. ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हे तिचं नाव. आठवडाभराचा वर्ग, त्यात व्याख्यानं फार आणि सराव थोडा. २००४-०५ मध्ये ‘पायथन’ या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम पाहणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मदतीने धडे नव्याने लिहून सर्वांसाठी खुले झाले. पुढे २०१०-११ मध्ये व्हिडिओंचा प्रयोग झाला. पण व्हिडिओ पाहताना पहिल्याच आज्ञेला अडलेल्या माणसाला सोडवायला शेजारी कुणी नसतं. २०१२ मध्ये स्लोन फाउंडेशनचा निधी आणि मोझिलाचा आधार मिळाल्यावर आजचा साचा ठरला : दोन दिवस, एक खोली, समोरासमोर बसून शिकायचं. इथवर यायला चौदा वर्षं लागली.

या साच्याची मापं ठरलेली आहेत. शिकणारे साधारण चाळीसपर्यंत, शिकवणारे दोन, आणि दर आठ-दहा जणांमागे एक मदतनीस असावा. प्रत्येकाने स्वतःचा लॅपटॉप आणायचा. संगणक-कक्षातली यंत्रं वापरली तर शिकवणाऱ्याचा त्रास वाचतो, पण घरी गेल्यावर शिकणाऱ्याची गाडी पहिल्याच दिवशी अडते, कारण त्याच्या यंत्रावर काहीच बसवलेलं नसतं. स्वतःच्या लॅपटॉपचा तोटा इन्स्टॉलेशनमध्ये दिसतो. विंडोजवर युनिक्स शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेऊन संगणक चालवणारा प्रोग्रॅम, मुळात नसतो. त्यासाठी ‘गिट फॉर विंडोज’ बसवावं लागतं, म्हणजे त्यासोबत ‘गिट बॅश’ हा शेल येतो. हे आदल्या दिवशी करून घेतलं नाही तर पहिल्या सकाळचा तास सहज बुडतो.

प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या मिळतात. काम झालं की एका रंगाची चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर लावायची, अडलं की दुसऱ्या रंगाची. साधी युक्ती आहे, पण वर्गाचा रंग बदलून टाकते. हात वर करून बसलेल्या माणसाला टाइप करता येत नाही, चिठ्ठी लावली की करता येतं. चारचौघांत ‘मला कळलं नाही’ म्हणायला पीएचडीचा विद्यार्थी लाजतो, चिठ्ठी लावायला तेवढा लाजत नाही. शिकवणाऱ्याला एका नजरेत कळतं की पुढे जावं की थांबावं. रंग निवडताना लाल-हिरवी जोडी टाळावी, बऱ्याच रंगांधळ्या माणसांना त्या दोन्ही सारख्याच दिसतात. सत्र संपताना याच चिठ्ठ्यांवर दोन गोष्टी लिहून घेतात : एकीवर काय चांगलं वाटलं, दुसरीवर काय बदलावं. जेवणाच्या सुट्टीत त्या वाचून दुपारचा वेग ठरतो.

मदतनिसाला एक सक्त नियम असतो : शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. दहा सेकंदांत दुरुस्ती करून दिली की काम पुढे सरकतं, पण शिकणाऱ्याच्या बोटांना काहीच कळलेलं नसतं आणि हे आपल्या आवाक्यातलं नाही ही त्याची समजूत पक्की होते.

शिकवणारा तयार स्लाइड दाखवत नाही. पडद्यावर तो प्रत्यक्ष टाइप करतो आणि वर्ग त्याच्यासोबत टाइप करतो. टाइप करण्याचा वेग हीच वेगमर्यादा असल्यामुळे तो फार पळू शकत नाही. अक्षरं मोठी ठेवायची, प्रत्येक आज्ञा मोठ्याने उच्चारायची, पडद्याचा तळाचा भाग मोकळा सोडायचा, कारण पुढच्यांच्या डोक्यांमुळे मागच्या रांगेला तो दिसत नाही. मध्येच शिकवणाऱ्याची चूक होते, लाल अक्षरांत संदेश येतो. ती चूक लपवायची नाही. संदेश वाचायचा, त्यातला ओळ क्रमांक शोधायचा, दुरुस्ती करायची. जाणकारसुद्धा चुकतात आणि त्यातून बाहेर कसे पडतात हे शिकणाऱ्याला पुस्तकात कुठे पाहायला मिळत नाही.

आता एक धडा उघडून पाहू. युनिक्स शेलच्या धड्यात नेल नेमो नावाची काल्पनिक सागरी जीवशास्त्रज्ञ आहे. तिने समुद्रातून १५२० नमुने आणले आहेत आणि प्रत्येक नमुन्याची फाइल एका प्रोग्रॅममधून जायला हवी. एकेक फाइल हाताने उघडायला अर्धा मिनिट धरला तरी ७६० मिनिटं होतात, म्हणजे साडेबारा तासांहून अधिक. शेलमध्ये चार ओळींचं लूप, म्हणजे तीच आज्ञा प्रत्येक फाइलवर पुन्हा चालवणारी रचना, लिहिलं की हे काम यंत्रावर सोपवून ती दुसरीकडे लक्ष घालू शकते.

पण आधी फाइल्स धड आहेत का हे पाहायला हवं. प्रत्येकीत ३०० ओळी असायला हव्यात. ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा ओळी मोजते, ‘सॉर्ट’ त्या आकड्यांचा क्रम लावते आणि ‘हेड’ सांगितल्याप्रमाणे वरच्या पाच ओळी दाखवते. एकीचं उत्तर पुढचीला देणाऱ्या उभ्या रेघेच्या नळीने तिघींना जोडलं की एका फाइलमध्ये २४० च ओळी असल्याचं समोर येतं. साठ मोजमापं गायब! काही फाइल्सच्या नावाशेवटी ए किंवा बी ऐवजी झेड आहे, म्हणजे नमुना किती खोलीवरचा याची नोंद नाही, त्यामुळे त्या विश्लेषणातून वगळायच्या. विश्लेषणाआधी विदा (डेटा) तपासायची सवय इथे पहिल्याच दिवशी लागते, आणि ती लूपपेक्षा मोलाची आहे.

याच धड्यातल्या तीन ठेचा नवख्याला हमखास लागतात. पहिली : ‘डब्ल्यूसी’ला फाइलचं नाव द्यायचं राहिलं, तर शेल गप्प बसतो. यंत्र अडकलेलं नसतं, तुम्ही काही टाइप कराल म्हणून ते थांबलेलं असतं. कंट्रोल आणि सी दाबून बाहेर यायचं. दुसरी : ‘सॉर्ट’ला ‘आकडे म्हणून बघ’ असं सांगणारा ‘एन’ हा पर्याय दिला नाही, तर क्रम १०, १९, २, २२, ६ असा लागतो, कारण तो शब्दकोशासारखा पहिलं अक्षर आधी पाहतो. तिसरी महागात पडते : एखादी फाइल सॉर्ट करून उत्तर त्याच नावाच्या फाइलमध्ये पाठवलं, तर फाइल रिकामी होते. उत्तर ठेवण्यासाठी शेल ती फाइल आधी पुसून ठेवतो आणि मगच ‘सॉर्ट’ ती वाचायला जातो, तोवर वाचायला काही उरलेलं नसतं. उत्तरासाठी नेहमी नवं नाव घ्यावं.

२०१४ मध्ये ‘डेटा कार्पेंट्री’ ही शाखा निघाली. ती एका विषयाची विदा हाताशी धरून शिकवते आणि बऱ्याचदा साध्या स्प्रेडशीटपासून सुरुवात करते. कारण प्रयोगशाळेतली बहुतेक विदा तिथेच जन्मते आणि तिथेच बिघडते. ‘सेप्ट२’ हे एका जनुकाचं नाव इंग्रजी लिपीत एक्सेलमध्ये टाइप केलं की ते २ सप्टेंबर होतं. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे बिघाड असल्याचं २०१६ च्या एका तपासणीत आढळलं, आणि २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशी नावंच बदलून टाकली. तारखांचा आणखी एक घोळ : एक्सेलच्या दोन पद्धतींपैकी एक १९०० पासून दिवस मोजते, दुसरी १९०४ पासून. जुन्या मॅकवरची फाइल दुसरीकडे चिकटवली तर तारखा १४६२ दिवसांनी सरकू शकतात. उपाय साधा आहे : वर्ष, महिना आणि दिवस तीन वेगळ्या स्तंभांत लिहावेत.

जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही शाखा एकत्र येऊन ‘द कार्पेंट्रीज’ झाली. त्याच वर्षी ग्रंथपालांसाठीची ‘लायब्ररी कार्पेंट्री’ही सामील झाली. ट्रेसी टील पहिल्या कार्यकारी संचालक, आणि २०२० मध्ये ही धुरा कॅरी जॉर्डन यांच्याकडे आली. शिकवणारे बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि विद्यापीठं वार्षिक सदस्यत्व घेऊन आपल्या माणसांना तयार करून घेतात. आजवर हजारो कार्यशाळा झाल्या आहेत. विल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस बायोलॉजी’ या शोधपत्रिकेत २०१४ मध्ये मांडलेले संशोधकांसाठीचे प्रोग्रॅमिंगचे नियम सर्वत्र वाचले गेले, आणि २०२० मध्ये ‘एसीएम’ या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी गटाने विल्सन यांना प्रभावी शिक्षक म्हणून गौरवलं.

आमच्या मते या संस्थेचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. तिने धडा हीच सॉफ्टवेअरसारखी दुरुस्त होत राहणारी गोष्ट मानली. प्रत्येक धडा ‘गिट’ या फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवलेला असतो. शिकवताना एखादा प्रश्न फसला, एखादी आज्ञा नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली, की शिकवणारा बदल सुचवतो, दुसरे तो तपासतात आणि पुढच्या कार्यशाळेत सुधारलेला धडा वापरला जातो. एरवी चांगल्या शिक्षकाचा अनुभव त्याच्यासोबत निवृत्त होतो, इथे तो धड्यात साठत जातो.

दोन दिवसांत खरंच काही शिकता येतं का, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. ‘पीएनएएस’ या शोधपत्रिकेत २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात ५३ संस्थांतल्या २९४ पीएचडी विद्यार्थ्यांकडे पाहिलं गेलं. छोट्या मुदतीच्या शिबिरांचा त्यांच्या संशोधन-कौशल्यावर मोजता येण्याजोगा परिणाम दिसला नाही. तो अभ्यास केवळ कार्पेंट्रीजच्या कार्यशाळांचा नव्हता, तरी प्रश्न त्यांनाही लागू होतो. संस्थेच्या स्वतःच्या पाहण्यांत शिकणारे आत्मविश्वास वाढल्याचं आणि नवी साधनं वापरू लागल्याचं सांगतात, पण आपण आपल्याबद्दल सांगणं आणि परीक्षेत उतरणं यात अंतर आहे. दोन दिवसांत कुणी प्रोग्रॅमर होत नाही. काय काय शक्य आहे ते कळतं आणि अडल्यावर काय शोधायचं तो शब्द मिळतो. त्यानंतर विभागात आठवड्यातून एक तास एकत्र बसणारा गट नसेल, तर शिकलेलं विरून जाईल.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प याच भूमीवर वेगळ्या वाटेने गेला आहे. सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-धडे, पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. शेजारी मदतनीस नसताना एकट्याने शिकणाऱ्यासाठी ही बांधणी योग्य आहे.

कार्पेंट्रीजचे धडे मुक्त परवान्याचे आहेत. श्रेय दिलं की कुणीही ते शिकवावेत, बदलावेत, मराठीत आणावेत. मात्र कार्यशाळेला ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ म्हणायचं असेल तर ठरलेला गाभा शिकवावा लागतो आणि निदान एक प्रमाणित प्रशिक्षक लागतो. मराठीत आणणाऱ्याने मजकुरासोबत आकड्यांकडेही पाहावं. पायथनमध्ये ‘३७’ आणि ‘१५’ हे देवनागरी मजकूर म्हणून दिले आणि ‘इंट’ने त्यांचे पूर्णांक केले, तर बेरीज बिनचूक येते, फक्त उत्तर इंग्रजी अंकांत (52) छापलं जातं. शेलमधल्या ‘सॉर्ट’ला मात्र ‘एन’ पर्याय देऊनही देवनागरी अंक हे आकडे आहेत हे कळत नाही. तो त्यांना शून्य धरतो आणि मग अक्षरांच्या क्रमाने लावतो : १०, १९, २, २२, ६.